टॅग लागला ते वर्ष

३ जून, मंगळ.
टॅग लागला. मीटिंग चालू असताना ईमेल आली, कॅमेरा बंद करून पुन्हा पुन्हा वाचली. म्यूल डिअर जातीचं हरीण, नर, नोव्हेंबरचा सीझन, आणि तेच वरचं पठार, जिथली शिकारीची परवानगी सोडतीत मोजक्याच लोकांना मिळते. वर्षानुवर्षं अर्ज करत होतो, पण लागेल असं मनापासून कधी वाटलं नव्हतं. शेजारच्या डेलला सांगितलं. त्याचा जन्म गेला कोलोरॅडोत, त्याला तिथला टॅग एकदाच लागलाय. टोपी काढून नुसता डोकं खाजवत बसला. वै. म्हणाली, ग्रीन कार्ड आलं तेव्हासुद्धा तुझा चेहरा असा नव्हता. बायको आहे, तिला चेहरे कळतात.

२१ जून
नेमबाजीच्या रेंजवर. डेलची रायफल. खांदा निळा पडलाय. त्याचं एकच पालुपद, आधी श्वास सोड, मग बोट. आणायचंय: नारिंगी जॅकेट, जाड मोजे. बूट घालून रोज टेकडी चढायची, नाहीतर वर गेल्यावर फजिती. वै.चा सवाल: भाजी चिरताना बोट कापून घेणारा माणूस हरीण सोलणार कसा? रास्त आहे. पंचशील म्हणतानाही हल्ली पहिल्या ओळीला माझ्याकडे बघते.

१९ जुलै, शनि.
पाहिला.
उजाडताना डेल आणि मी कड्यावर पालथे पडून होतो. खालच्या ॲस्पेनच्या झाडीतून पाच नर बाहेर आले, शेवटचा तो. शिंगांवर अजून मखमल, तिच्या कडेनं ऊन पेटलेलं. खेचरासारखे मोठे कान, प्रत्येक कान आपल्या मर्जीनं वळणारा. मग काय चाहूल लागली कोण जाणे, चारही पाय एकदम उचलून उडाला, पुन्हा उडाला, आणि तो उभा कडा असा चढून गेला की... मी जिना चढताना धापा टाकतो. फोटो काढायचा राहिला. डेललाही आठवण झाली नाही.  ह्याला मारायचं? आणि तरी नोव्हेंबर कधी येतो असं झालंय. दोन्ही खरं आहे.

१० ऑगस्ट, रवि.
आज चूक झाली.
डेलनं ओळखीच्या रँचवरून बोकड आणला होता, सोलायचा सराव म्हणून. त्याच्या गॅरेजमध्ये टांगला. हात बसायला वेळ लागला, पण नंतर कातडं असं सरसर उतरलं की मलाच नवल वाटलं. तेवढ्यात बाबांचा रविवारचा व्हिडिओ कॉल. मी उत्साहात कॅमेरा फिरवला. बघा बाबा, मी केलं.
बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "हात धू आधी." फोन बंद.
आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या गावात मेलेली ढोरं ओढून न्यायची, सोलायची, हे आमच्याच लोकांच्या गळ्यात होतं. एक दिवस सगळ्या वस्तीनं ठरवून ते काम टाकलं. गावानं पाणी तोडलं, किराणा बंद केला. आबा पोरांना घेऊन नागपूरला गिरणीत आले, बाबा शिकले, हेडमास्तर झाले. दर चौदा एप्रिलला ऐकलंय, पाठ आहे मला. आणि तरी कॅमेरा फिरवला.

२४ ऑगस्ट, रवि.
बाबांनी आजही फोन उचलला नाही. वै.शी मात्र बोलतात, तिला पावसाचं वगैरे सांगतात. ती म्हणते, सीझनच्या आधी टॅग परत करता येतो, करून टाक. वेबसाइट उघडली. तो कडा डोळ्यांपुढे आला. बंद केली.

५ ऑक्टो.
बाबा आले. तिकीट आधीच काढलेलं होतं म्हणून आले असावेत. रात्री मटण केलं, मिटक्या मारत खाल्लं, रस्सा पुन्हा मागून घेतला. मांसाचं वावडं कधीच नव्हतं. शिकारीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. रायफल डेलकडेच ठेवलीय.

१८ ऑक्टो., शनि.
शेवटची फेरी पठारावर. बाबा म्हणाले, मीही येतो. का, ते विचारलं नाही. गाडी जाते तिथवर नेलं, पुढे थोडं चढून दगडावर शाल टाकून बसवलं, हातात दुर्बीण दिली.
दुपार कलताना तो आला. मखमल गळून गेलीय, शिंगं काळपट, मान जाडजूड. उघड्या माळावर उभा राहिला, जणू पठार त्याच्या नावावर आहे. बाबांनी दुर्बीण खाली घेतलीच नाही. गेला तरी तिकडेच बघत होते. डोळे भरले होते. वाऱ्यानं असेल.
दुर्बीण माझ्याकडे देत म्हणाले,
"माझ्या बापाले बोलावणं यायचं. ढोर मेलं, चल. नाही म्हणायची सोय नव्हती. तुले कोणी बोलावलं?"
"कोणी नाही. मीच अर्ज केला."
"किती वर्षं?"
सांगितलं.
शाल झटकून उठले. उतरताना माझा हात धरला होता, पण वाट निसरडी होती.

८ नोव्हें., शनि.
सीझन आज उघडतोय. गाडीत बसून लिहितोय, बोटं आखडलीत. डेल काचेवरचा बर्फ खरवडतोय. बाबांना मोटेलवर थांबा म्हटलं होतं. ऐकलं नाही. डेलची जुनी नारिंगी टोपी घालून मागच्या सीटवर बसलेत, कानांवर मफलर. इथेच थांबणार म्हणतात. थर्मासमधला चहा अर्धा त्यांनीच संपवला.
आत्ता विचारलं, बाबा, जाऊ ना?
"जा. नेम नीट धर, त्याचे हाल नको करू."
मी दार उघडलं तेव्हा म्हणाले, "जनावर पडलं, तर हाक मार. सोलाले मी येईन का नाही, ते आत्ता नको विचारू."
पूर्वेला पांढरं व्हायला लागलंय. डेल खूण करतोय. निघतो.