कॅ वरचा चंद्र

३ ऑगस्ट
अंबाडीच्या पानांचे तुकडे बाटल्यांत लावून एकवीस दिवस. साध्या खुराकावरच्यांवर 'क', म्हणजे कंट्रोल. कॅडमियम घातलेल्यांवर 'कॅ'. तुकड्यांवर पेशींचे गोळे धरलेत; 'क' वाले टपोरे. 'कॅ' वाले काही सुकलेले, पण चार-पाच चक्क टुमटुमीत! विष खाऊन? सर जाम खूश. सोमवारी समितीला हेच दाखवायचं, नाहीतर फेलोशिप थांबते.
लॅब झाडणाऱ्या कुसुममावशी बाटलीत डोकावून म्हणाल्या, "काहून जहर देऊन राहिली वं त्याइले? तुहे लेकरं व्हय ना ते."

५ ऑगस्ट
तेल्हाऱ्याला आईकडे दोन दिवस राहून आले, तर रॅक चकाचक. मावशीनं मायेनं एकेक बाटली ओल्या फडक्यानं पुसलेली. आता सगळ्याच 'क'. अक्षर पक्क्या मार्करचं होतं, वरचा चंद्र मी नंतर साध्या स्केचपेननं काढला होता. शहाणी मी!
लई बोलले मावशीला. "मले डाग वाटला वं माय." डबा न खाताच गेल्या.

६ ऑगस्ट
मावशी आल्या नाहीत. रूममेट रेश्मा म्हणते, "सुकले ते कॅ. काढ चंद्र, हो मोकळी."
मग ते टुमटुमीत 'कॅ' कसे ओळखू? सगळी गंमत तर त्यांच्यातच होती.
तरी दोन बाटल्यांवर काढले चंद्र. लगेच पुसले. परत लावायचं तर महिना जाईल आणि सोमवार तर...

७ ऑगस्ट
राजापेठेतून पेढे घेऊन मावशीकडे. माफी मागितली. रडल्याच. "मले काढून टाकतीन का?" म्हटलं, चूक माझ्या पेनची, सरांना मीच सांगते. "नाई, मी सांगतो. पुसलं मी." जीव आहे माझा या बाईवर.

८ ऑगस्ट
सांगितलं सरांना. सगळं, ते दोन चंद्रसुद्धा. माझं संपायच्या आतच मावशी दारातून घुसल्या, "सर, पोरीले बोलू नका, मीच पुसलं!" मी म्हणते माझी चूक, त्या म्हणतात माही. जुंपलीच आमची, सरांसमोर. त्यांनी हात वर करून दोघींना थांबवलं. मग एवढंच, "उद्या समितीसमोर या. दोघी."
जिन्यात मावशी म्हणाल्या, "उद्या कोणती साडी नेसू वं?"