पिठावरचं जनावर

रविवार, ४ मार्च
सूनबाई, चष्मा तुझ्या कपाळावरच आहे. ही वहीसुद्धा काल फ्रिजमध्ये सापडली. आता मी सांगते तसंच लिही, आणि मला वाचून दाखवताना गाळू नकोस.
नात परदेशात जंगल दाखवणारी गाइड व्हायला गेली, त्याला सहा महिने झाले. रविवारी फोन करते आणि बोलते कुणाबद्दल? तर तिला शिकवणाऱ्या म्हातारीबद्दल. तिला म्हणे लिहिता-वाचता येत नाही, पण चिखलातले ठसे बघून जनावराचं वय सांगते. त्यात काय, मलाही लिहिता येत नाही. नात तिला ‘आजी’ म्हणते! मला काही वाटलं नाही. कावळा आणि कोकीळ ओळखायला कुणी शिकवलं, एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

१२ मार्च
काल फोन नाही. तुझ्या मोबाइलवर नुसता निरोप, शुक्रवारी गाइडच्या लायसन्सची परीक्षा आहे म्हणे. असू दे. आजपासून मी फोनच्या स्टुलाकडे फिरकणारसुद्धा नाही.

१३ मार्च
ठसे ओळखायला असं काय लागतं? दुधाची साय पळवणारं मांजर मीच हुडकते. पॅसेजभर पीठ चाळलं. पीठ वाया जाईल असं तू म्हणालीस, तेही लिही.

१४ मार्च, दुपारी चार
घावलं! मांजर नव्हे, मोठं धूड आहे. एक पाय ओढतं. शेपूट जमिनीला घासतं. कालपासून सातदा येऊन गेलंय. तू तोंडाला पदर लावून उभी होतीस, घाबरली असशील. फोटो नातीला पाठवायला लावला. म्हटलं, दाखव तुझ्या त्या आजीला. बघू काय ओळखते!

रविवार, १८ मार्च
नात पास झाली. लायसन्स मिळालं.
म्हातारीने फोटो पाहिला. म्हणाली, हे जनावर नव्हे, बाई आहे. वयस्कर. उजवा गुडघा दुखतो. शालीचं टोक फरशीवर लोळतं. खोलीतून येते, एकाच जागी खूप वेळ उभी राहते, मग परत जाते. तिथे काय आहे, असं तिने विचारलं.
नातीने सांगितलं, तिथे फोन आहे.
 त्यावर म्हातारीने निरोप दिला, तिथे एक खुर्ची ठेवा.
ठेवली आहे.
हसू नकोस सूनबाई, लिही. पार्सलमध्ये भाजलेले दाणे घाल. म्हातारीला दात नाहीत, तिचे वेगळे कुटून दे, अगदी बारीक. गूळ मात्र फक्त आपल्या पोरीच्या पुडीत.