ध्रुव हलतोय

१८ नोव्हेंबर
शेजारची बिल्डिंग एकदाची पूर्ण पाडली. धुळीने जीव नकोसा केला, पण गच्चीवरून उत्तरेला पहिल्यांदाच मोकळं आभाळ दिसतंय आणि त्यात ध्रुव! चारकोपमध्ये जन्म गेला, ध्रुव आज बघितला. तिथे टॉवर चढला की परत गायब. म्हणजे ताऱ्यांचे जे काय फोटो काढायचे ते आत्ताच.
संदेशला विचारलं (माझ्या ऑफिसातला, घाटकोपरचा, हे वेड त्याचं जुनं), कुठली दुर्बीण घेऊ? तर खेकसला, "दुर्बीण घेऊच नकोस. आधी माउंट. तारे सरकतात यार, कॅमेरा त्यांच्यामागे फिरायला नको?" मला ती मोठी पांढरी तोफ हवी होती. झालं.

२३ नोव्हेंबर
ठरलं. छोटा ट्रॅकर, माझाच जुना कॅमेरा, एक सेकंडहँड टेलिलेन्स. तोफ कॅन्सल. ट्रॅकरला बोटाएवढी नळी आहे, ध्रुवदर्शक. आत एक वर्तुळ. अ‍ॅप सांगेल तिथे वर्तुळावर ध्रुव आणून बसवायचा, मग कॅमेरा ताऱ्यांच्या चालीने फिरतो. बसवता बसवता मान गेली.
अप्पा म्हणाले, "आणि हे सगळं ठेवणार कुठे?" अप्पा म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. आणि माझे वडील, पण ते नंतर.

३० नोव्हेंबर
पहिला फोटो, देवयानी दीर्घिका. सगळे तारे तांदळासारखे लांबुळके. सं. फोटो बघून, "ट्रायपॉड कुठला?" लग्नात व्हिडिओवाले लावतात तसला. "फेकून दे. टॉप फ्लोअरला राहतेस ना, गच्चीत पाइप ठोक."

७ डिसेंबर
सं. काल चैत्यभूमीच्या रांगेत होता, पाय सुजलेले, तरी आला. इंडस्ट्रियल इस्टेटमधून कमरेएवढा लोखंडी पाइप वेल्ड करून आणला आणि गच्चीतल्या पिलरच्या डोक्यावर बोल्टने आवळला. अप्पा शेजारी उभे राहून, "लीकेज झालं तर बादल्या तूच लावायच्या!" ध्रुव बसवला, स्क्रू आवळले. सं. म्हणतो, आता हात लावायचा नाही. पाइप हलणार नाही, ध्रुव तर नाहीच नाही, रोज येऊन नुसता कॅमेरा चढवायचा.
फोटो झकास! देवयानी म्हणजे एक पुसट डाग, पण माझा डाग. गच्चीत ओरडलेच मी. त्याच दिवशी ध्रुवदर्शकातून मोबाइलने एक फोटो काढून ठेवला, आठवण म्हणून.

१५ डिसेंबर
ध्रुव जागेवर नव्हता. वर्तुळाच्या जरा खाली. नळीत उलटं दिसतं, म्हणजे खरं तर नळीच पुढे झुकलीये. कोणीतरी धक्का दिला असणार, वाळत घातलेल्या चादरी काढताना. स्क्रू फिरवून परत बसवला.
शेजारी टॉवरच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी लागलं. खाडी बुजवलेली जागा, लागणारच. पंप दिवसभर चालू आहे, गटारातून चहासारखं पाणी वाहतंय.

२१ डिसेंबर
परत खाली. त्याच बाजूला. ट्रॅकरच्या सात पिढ्या उद्धारल्या. दुकानदाराशी भांडून बदलून घेतला. तो म्हणे, "मॅडम, बिगिनर लोकांचं असंच होतं." बिगिनर तुझा बाप.

२८ डिसेंबर
नवा ट्रॅकर, तेच रडगाणं. बोल्ट तपासले, घट्ट. वेल्डिंग घट्ट. सं.ने स्वतःचा ट्रॅकर आणून लावला, चार दिवसांनी तोही खाली. सं.ने माझा ट्रॅकर बॅगेत भरला. जाताना बोलला, "तुझा ट्रॅकर माझ्या गच्चीत लावून बघतो."

४ जानेवारी
घाटकोपरला आठवडाभर ध्रुव खिळा मारल्यासारखा जागेवर.
सं. फोनवर, "सामान ठीक आहे तुझं."
"मग?"
"तुझी बिल्डिंग बघ."
मी हसायला गेले. मग आठवलं, नळी दर वेळी उत्तरेलाच झुकते. खड्डा उत्तरेला आहे.

५ जानेवारी
अप्पांना सांगितलं. आधी, "दुर्बिणीने कोणी बिल्डिंग मोजतं का गं?" मग उठून दार लावून घेतलं आणि आवाज उतरवला. आपल्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटच्या करारावर महिनाअखेरीस सह्या. त्याआधी धोकादायक म्हणून पाटी लागली तर सगळी घरं पिशव्या घेऊन रस्त्यावर, आणि मग बिल्डर देईल ते मुकाट्याने घ्यायचं. या करारासाठी अप्पांनी वर्षानुवर्षं मीटिंगा घातल्यात, लोकांची बोलणी खाल्लीत. "एकदा सह्या होऊ देत. मग सगळे शिफ्टच होणारेत."
"आणि तोवर?"
"मी बघतो."
अप्पांचं 'मी बघतो' म्हणजे विषय संपला. भीती वाटतेय. रागही येतोय, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असंही म्हणता येत नाही, त्याचा जास्त राग.

११ जानेवारी
बघितलं खरं. गुपचूप एक इंजिनीअर आणला. जिन्यात तिसऱ्या मजल्याच्या भिंतीला तडा आहे. त्याच्यावर आडवी काचेची पट्टी पुट्टीने चिकटवून गेला. तडा वाढला तर काच फुटेल, फुटली की त्याच दिवशी मला फोन करा आणि घरं रिकामी करा, असं अप्पांना बजावलंन माझ्यासमोर. लोकांनी विचारलं तर अप्पा सांगतायत, पेंटिंगवाल्याची खूण आहे.
जाता-येता बघते. अख्खी आहे.

१८ जानेवारी
काच अख्खी. ध्रुव वर्तुळाच्या पार बाहेर. स्क्रू फिरवणं मी सोडलंय, राहू दे तिथेच, कळतं तरी. पण तडा वाढत नाही आणि बिल्डिंग झुकते, हे कसं...
सं. म्हणतो, सोसायटीच्या ग्रुपवर टाक सगळं.
"लोक अप्पांना शिव्या देतील."
"आणि बिल्डिंग खाली आली तर हार घालतील का, यार?"
फोन कट केला. तीन आठवडे एकही फोटो काढला नाहीये. हौस केव्हाच फिटली.

२२ जानेवारी
बाथरूमचं दार लागेना. अप्पांनी वरच्या कडेला रंधा मारला. म्हणाले, लाकूड फुगलंय. जानेवारीत!

२४ जानेवारी
घरच्या कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्राची पुडी. आत काचेचे तुकडे, अरुंद पट्टीचे. तशीच जिन्यात धावले. पट्टी जागेवर, अख्खी. पुट्टीला बोट लावलं तर ओली.
घरात अप्पा टीव्ही बघत बसलेले. उजव्या अंगठ्याला तीच पुट्टी.
"कितवी?"
टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "दुसरी. शुक्रवारी सह्या आहेत, बाळा."
तिसऱ्या मजल्यावरची पोरं त्या भिंतीला टेकून गप्पा मारत बसतात, हे त्यांना माहीत आहे. तिथून उठवून त्यांनीच कितीदा हाकललंय त्यांना. माझ्या बापाचा अंगठा मला बघवेना.

२५ जानेवारी
ग्रुपसाठी मेसेज लिहिला. सात डिसेंबरचा ध्रुव, आजचा ध्रुव, फुटलेल्या काचेचा फोटो. अप्पांना म्हटलं, मी हे पाठवणारे, पण आधी तुम्ही वर या आणि स्वतः बघा.
अंधार पडल्या पडल्या आले. पाइप बसवला त्यानंतर पहिल्यांदाच. ध्रुवदर्शकाला डोळा लावला.
"कुठाय?"
"वर्तुळात नाही, अप्पा. बाहेर बघा. खाली."
सापडला त्यांना. डोळा काढेनात.
"आणि आधी?"
मोबाइलवर दाखवलं. अंगठा त्या जुन्या ताऱ्यावर ठेवून उभे राहिले. खड्ड्यातला पंप चालूच होता. 'मी बघतो' म्हणतील म्हणून मी वाट बघत होते, ते म्हणाले नाहीत. "तो मेसेज थोडा वेळ थांबव" एवढंच म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरले. आमच्या दाराशी थांबले नाहीत.
गच्चीच्या पायरीवर बसून लिहितेय. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजली. दार उघडलं. अप्पांचा आवाज येतोय, मीटिंगमधला नाही, खालचा, शब्द कळत नाहीत. शुक्रवारची सही आजच करून टाका, असं सांगत असतील. किंवा पोरांना घेऊन आत्ता खाली उतरा, असंही. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहून मला सांगता येत नाहीये.
मेसेज तसाच आहे फोनवर. तिथल्याच समोरच्या दाराची बेल वाजली आता.