काळं पडलेलं सागवान

गोडादरा, सोमवार, दिवाळीआधी, १९९६

शेठच्या बंगल्याच्या लाकडी ओट्यावरचा जुना रंग आठवडाभर पात्यानं खरवडतोय. लाकडाच्या रेषेनंच पातं चालवायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. आज पॉलिशचं सामान आणायला गेलो, तेवढ्यात धाकट्यानं मिलमधून आणलेला कॉस्टिक सोडा ओतून उरलेला अर्धा ओटा धुतला. रंग गेला, पण सागवान काळं पडलं. बोललो, तर म्हणतो, "दादा, तुझ्या पात्यानं पुढची दिवाळी उजाडली असती."

काळं सागवान. कुणाला तोंड दाखवू?

शेठ आले, वाकून बघितलं. "बहु सरस, एकदम शिसम लागे छे." काळं लाकूड त्यांना शिसवी वाटलं. मग माझ्या बाजूकडे बोट केलं. तेवढं फिकं राहिलंय म्हणे, तेही असंच करून टाक.

उद्या धाकटा मिलवर जाईल. कॉस्टिक मलाच ओतायचा आहे.