माकड कोणत्या टोकाला?

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यामागे विशेष असं काही काम नाही. (असं वाचलं की तुम्ही लगेच पत्र उलटून शेवट आधी बघता, हे मला माहीत आहे. या खेपेला कृपा करून तसं करू नका.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की मामींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने नुसतं कण्हता? मामींचा खोकला आता गेला असेल. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, म्हणजे अंगाने सुखरूप आहोत. अब्रूचं म्हणाल, तर ती गेल्या आठवड्यापासून अंथरुणाला खिळली आहे, आणि तिचीच हकीगत सांगायला बसलो आहे.

मी इथल्या संग्रहालयात पाट्या लिहिण्याच्या जागेवर लागलो ते तुम्हाला ठाऊक आहेच. (आई सगळ्यांना 'संशोधनात आहे' म्हणून सांगते. माझं आजवरचं सर्वांत गाजलेलं संशोधन म्हणजे 'वाघ, नर, पेंढा भरलेला. हात लावू नये.') नोकरी अजून कायम झालेली नाही, त्यामुळे साहेब हसले की मी हसतो आणि साहेबांना ठसका लागला की मी पाण्याला धावतो. साहेब म्हणजे आमचे संचालक. माणूस मनाचा वाईट नाही, पण त्यांची दोन दुखणी आहेत. एक, डोक्यावर केस नाहीत. आणि दुसरं, शेजारच्या शहरातल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, आपल्याकडे नाही. देवमासा काही जमेना, तेव्हा एका सकाळी त्यांनी जाहीर केलं की आपण उत्क्रांतीचं दालन उघडायचं. मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली रिकामी झाली, उद्घाटनाला प्राणिशास्त्राच्या एक नामवंत प्राध्यापिका ठरल्या, आणि भिंतीवर लावायचा सगळा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मामा, खोटं कशाला सांगू, नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच मला सकाळी कामावर जायची घाई वाटू लागली. काय एकेक माणसं! पूर्वी लोक धरून चालत की वाघ पहिल्यापासून वाघ आणि मेंढी पहिल्यापासून मेंढी. मग एक गृहस्थ म्हणाले, जिराफाने वरचा पाला खायला मान ताणली, ती थोडी लांबली, तीच पोरांना मिळाली, त्यांनी आणखी ताणली. (आमच्या हिशेबनिसांच्या घराण्यात दोन पिढ्या दुसऱ्याच्या डब्यात डोकावण्यात गेल्या, पण मान होती तेवढीच आहे.) मग आला तो दाढीवाला साहेब. तरुणपणी जहाजातून जग फिरून आला आणि घरी बसल्यावर त्याला उमगलं, की पिल्लं होतात भरमसाट, अन्न असतं बेताचं, आणि कोणतीच दोन पिल्लं अगदी सारखी नसतात. तेव्हा त्या जागी उपयोगी पडेल असं इवलंसं काही ज्याच्या अंगी जास्त, तो तगतो, त्याची पिल्लं तगतात, आणि असे फरक साठत साठत लाखो वर्षांत जिवाचा नूरच पालटतो. निवडणारं कोणी नाही, तरी निवड होते! एवढं सापडल्यावर माणसाने गच्चीवर जाऊन बोंब ठोकावी की नाही? याने कागद गुंडाळून ठेवले, 'मी मेलो तर छापून घे' असं बायकोला लिहून ठेवलं, आणि पुढची आठ वर्षं खडकाला चिकटून बसणाऱ्या कवचवाल्या जिवांचा अभ्यास केला. लोक काय म्हणतील, ही धास्ती! वीसेक वर्षं अशी गेली आणि एक दिवस टपालाने पत्र आलं. दूरच्या बेटावर किडे-पाखरं गोळा करून पोट भरणाऱ्या एका माणसाला तापाने फणफणलेला असताना तेच्या तेच सुचलं होतं, आणि त्याने ते वाचायला पाठवलं कोणाला, तर याच दाढीवाल्याला. शेवटी मित्र मध्ये पडले आणि दोघांचं लिखाण एकाच सभेत वाचलं गेलं. सभेला दोघंही नव्हते. एकाचं तान्हं मूल नुकतंच गेलं होतं, आणि दुसऱ्याला आपल्या नावाने तिकडे काही चाललंय याचा पत्ताच नव्हता. ऐकणाऱ्यांनी जांभया दिल्या असाव्यात, कारण त्या संस्थेच्या अध्यक्षांनी पुढे वर्षाचा आढावा घेताना सांगितलं की यंदा शास्त्रात उलथापालथ होईल असं काही घडलं नाही. (अध्यक्ष कुठल्याही देशाचे असोत, वळण एकच.)

हे सगळं मी जीव ओतून लिहिलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी कागद हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "इतकं कोण वाचणार? लोकांना रांग लागते. एका टोकाला माकड, दुसऱ्या टोकाला माणूस, मध्ये बाकीचे. भिंतभर चित्र काढा."

मी म्हटलं, "साहेब, ही रांग नाहीच मुळी. झाड आहे. माकडं आपले आजोबा नव्हेत, चुलत भावंडं आहेत. सगळे एकेका फांदीच्या टोकाला."

"झाडावर मी कुठे?"

"एका डहाळीवर, साहेब. शेजारच्या फांदीवर कावळा."

"म्हणजे मी आणि कावळा एकाच पायरीवर?"

"पायऱ्याच नाहीत, साहेब."

"पायऱ्या नाहीत, तर माणसाला बढती कशी मिळते?" यावर विज्ञानाकडे उत्तर नाही, मामा. निदान कायम न झालेल्या माणसाकडे तरी नाही. रांग ठरली, आणि माझा मजकूर बाजूच्या पाट्यांवर गेला.

चित्रकार साहेबांचा सख्खा पुतण्या. (मुंग्या-मधमाश्यांत म्हणे नातलगांसाठी जीव टाकणारे असतात, ते आमच्याकडे नेमणुकांत दिसतं. वशिला हा प्रकार मला मनापासून किळसवाणा वाटतो.) पुतण्याला समोर माणूस बसल्याशिवाय काढता येत नाही, म्हणून कार्यालयातल्याच माणसांना उभं करायचं ठरलं, आणि कोणी कुठे उभं राहायचं ते ज्येष्ठतेप्रमाणे. शेवटचा परिपूर्ण मानव, अर्थातच साहेब. त्यांच्या मागे जरा वाकलेले, हातात दगडी कुऱ्हाड घेतलेले उपसंचालक. त्यांच्या मागे हात लोंबणारे हिशेबनीस. आणि अगदी पहिला वानर म्हणून दारवान, जो बिचारा "म्हणजे मी सगळ्यांचा आजोबा" म्हणून खुशीत होता. ग्रंथपाल बाईंनी तेवढी शंका काढली: "ही पुरुषमंडळी एवढ्या पिढ्या एकटीच चालत आली, तर मुलं कोणी काढली?" साहेब म्हणाले, भिंतीवर जागा नाही.

आता खरी मजा ऐका. दुसऱ्याच दिवशी उपसंचालक पुतण्याला चहाला घेऊन गेले आणि म्हणाले, उद्घाटनाला सासरची माणसं येणार, पाठ जरा सरळ कर. फार नको, जराशी. पुतण्याने केली. ते बघून हिशेबनिसांनी हात थोडे आखूड करून घेतले. मग उपसंचालकांना वाटलं, हिशेबनीस आपल्याएवढाच ताठ दिसतोय, म्हणून त्यांनी कुऱ्हाड काढून तिथे छत्री द्यायला लावली. मग हिशेबनिसांना चष्मा आला. दारवानाला यातलं काही नको होतं, पण त्याची बायको येऊन बघून गेली आणि चित्रकारासमोर पदर खोचून उभी राहिली. "घरात लग्नाची मुलगी आहे. पाहुणे बघायला येतात. बापाच्या अंगावरचे एवढे केस काढून टाका." केस निघाले. मग नुसतं अंग बरं दिसेना, म्हणून सदरा आला, आणि सदऱ्याला इस्त्री.

आणि साहेब? ते रोज संध्याकाळी येऊन आपल्या आकृतीत काहीतरी 'किंचित' सुचवून जात. डोक्यावर केस दे. भरपूर दे. मिशी भरघोस कर. छाती रुंद हवी. खांदे भारदस्त. हात बलदंड, आणि लांब, कारण लांब हात कर्तबगारीचं लक्षण. छातीवरही थोडी लव असू दे, मर्दानी दिसतं. प्रत्येक बदल एवढुस्सा, म्हणून कोणाच्याच डोळ्यांत आला नाही. मी रोज भिंतीसमोरून पाट्या घेऊन जात होतो, मामा, आणि इवले इवले फरक साठून काय होतं हे स्वतःच्या हाताने त्या पाट्यांवर लिहीत होतो, तरी मलाही दिसलं नाही!

उद्घाटनाचा दिवस उजाडला. चित्रावर पडदा होता आणि त्याची दोरी साहेबांनी आपल्याच आकृतीच्या टोकाला बांधून घेतली होती, फोटोत दोघे शेजारी शेजारी यावेत म्हणून. त्यामुळे पडदा त्याच टोकाकडून सरकू लागला. आधी ती केसाळ, रुंद छातीची, लांब हातांची आकृती दिसली. प्राध्यापिका बाई पुढे झुकून म्हणाल्या, "वा! सुरुवातीचा वानर काय जिवंत उतरलाय!" पडदा पुढे सरकला. छत्रीवाले उपसंचालक, चष्मेवाले हिशेबनीस, आणि शेवटी कडक इस्त्रीच्या सदऱ्यात गुळगुळीत दाढी केलेला दारवान. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग अभिनंदन करायला त्या साहेबांकडे वळल्या, पुन्हा भिंतीकडे बघितलं, पुन्हा साहेबांकडे बघितलं. निरीक्षणात त्यांची हयात गेलेली. त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि त्या पाट्या वाचायला निघून गेल्या.

त्या वाचायला लागल्या, मामा, त्या वाचतच राहिल्या. इतक्या वर्षांत माझी पाटी शेवटपर्यंत वाचणारं पहिलं माणूस! अध्यक्षांच्या ओळीपाशी त्या खळखळून हसल्या. (साहेबांना वाटलं, अजून भिंतीलाच हसतायत.) मग त्या बेटावरच्या तापवाल्यापाशी येऊन थांबल्या. म्हणाल्या, "मीपण एक काम लोक काय म्हणतील म्हणून वर्षानुवर्षं कपाटात ठेवलं होतं. हे कोणी लिहिलं?" छाती फुगवून 'मी' म्हणायचा तो क्षण होता. साहेब मागे उभे होते. मी म्हटलं, "साहेबांच्या मार्गदर्शनाखाली झालं." बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर परवडली असती.

दुसऱ्या दिवशी मला 'कारणे दाखवा' मिळाली. आरोप असा की माझ्या लिखाणामुळे चित्रकाराचा दिशाभ्रम झाला. आता मात्र मी ठरवलं आहे. एकदा शेपूट घातली, पुन्हा घालणार नाही. (शेपूट गळून पडायलासुद्धा काही काळ जावा लागतो, पण गळते.) नोकरी कायम न होवो, मी लेखी कळवणार की झाड ते झाड, रांग ती रांग, आणि तगण्यासाठी वाटेल ते करणारा जीव तगतो खरा, पण त्याला माणूस म्हणत नाहीत. तुम्हीच लहानपणी शिकवलंत की खरं बोलणाऱ्याने कोणाच्या दारात उभं राहू नये.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. आत्ताच कळलं की आमचे साहेब शाळेत तुमच्या हाताखाली शिकले आणि अजूनही तुमच्या नावाने त्यांना घाम फुटतो. तर सहज, अगदी सहज, त्यांना दोन ओळी टाकता आल्या तर बघा. 'भाचा गुणी आहे, कायम करावा' एवढंच पुरे. याला वशिला म्हणत नाहीत, मामा. ही ओळख आहे. वेळ फार नाही, म्हणून तारेने कळवलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा. तार करू नका! पत्र पेटीत टाकायला निघालो तोच साहेबांनी बोलावलं. बाईंनी वर कळवलंय म्हणे, की पाट्या उत्तम आहेत, त्यांना हात लावू नये. चित्र मात्र पुसून तिथे झाड काढावं. साहेब झाडाला कबूल झाले. कावळा पलीकडच्या फांदीवर गेला, ग्रंथपाल बाईंना साहेबांच्या शेजारची डहाळी मिळाली, कारणे दाखवा रद्द झाली आणि मला कायम करताहेत. अट एकच. बुंध्यापाशी सगळ्यांचा केसाळ पूर्वज काढायचा आहे, आणि त्याच्यासाठी बसायला कार्यालयात कोणी तयार नाही. मी हो म्हटलंय. आज कच्चं चित्र बघितलं. मामा, मी आईवर नाही, बाबांवर नाही, थेट तुमच्यावर गेलोय असं सगळे लहानपणापासून म्हणतात, ते मला कधी पटलं नव्हतं. केस आणि सुरकुत्या चढवल्यावर पटलं. मामींना सुट्टीत संग्रहालय दाखवायचा तुमचा बेत असेल, तर त्यांना तूर्त समुद्रावर न्या.