खोट्या आठ ओळी

३ जानेवारी
पोचले एकदाची बडोद्याला! आईने दिलेले लाडू गाडीत उधना येईपर्यंतच संपवले. घर समा भागातल्या सोसायटीत, नीटनेटकं. माझ्या पेशंट निरुपमाबाई, वय एकाहत्तर. उभं आयुष्य नर्सिंग शिकवण्यात गेलं. वर्षापूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या. मुलगा सौमित्रदादा सकाळीच बाजव्याला रिफायनरीत जातात, सून मितालीवहिनी शाळेत शिकवतात. दिवसभर मी आणि बाई.

वहिनी सांगत होत्या की बाई आधी नळीतून जेवायच्या, दिवाळीपासून तोंडाने खातात. तेव्हाची नर्स मृदुला मात्र आजारी पडून घरी गेली. मी म्हटलं, माझ्या हातून बाई चालायला लागतील. माझ्या जिभेला हाड नाहीच.

६ जानेवारी
बाईंचं छान जमलंय माझ्याशी. दर दोन तासांनी कूस बदलायची: उजवी, पाठ, डावी. नाहीतर कातडीला जखमा होतात. कमरेखाली रुपयाएवढा लाल डाग आहे, त्यावर लक्ष ठेवायचं. केलेलं प्रत्येक काम पलंगाच्या दांडीवरच्या फाइलमध्ये लिहून सही करायची. पहिल्या पानावर बाईंनीच आजाराआधी, कुठल्याशा विद्यार्थिनीसाठी, लिहिलंय: जे केलं नाही ते लिहायचं नाही. चुकलं तर खोडरबर नाही, एक सरळ रेघ मारून सही करायची.

संध्याकाळी फाइल त्यांच्यापुढे धरावी लागते. एकेक ओळ वाचतात. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, पण म्हातारी आवडली मला.

१४ जानेवारी
उत्तरायण! सकाळपासून सगळ्या गच्च्यांवर पतंग, आणि कुणाचा कापला की ‘काप्यो छे’चा नुसता गजर. दादांनी वर बोलावलं. बाईंना एकटं कसं सोडू, म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, दर थोड्या वेळानं खाली डोकावून जा ने, बस.

डोकावणं कसलं! उंधियू, जिलबी, मांजा. जाण्यापूर्वीच बारा, दोन, चार, सहा अशा चारही ओळी भरून सही ठोकली होती. हॉस्पिटलात घाईच्या वेळी सगळ्याच करतात. शेवटी सहाला उतरले. वाटलं, बाई सकाळपासून डाव्या कुशीवरच असणार. पण त्या उजव्या कुशीवर होत्या. फाइलीत सहाच्या ओळीत मी तेच लिहिलं होतं. वहिनींनी वळवलं असेल. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी फाइल वाचताना बाई हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

१५ जानेवारी
वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा दुसरा दिवस. आजही चार ओळी आधीच लिहिल्या. लाज वाटते, पण लिहिल्या. मात्र जिन्याच्या दारातच बसून राहिले. खाली कोणी म्हणजे कोणी गेलं नाही.

सहाला बाई पुन्हा उजव्या कुशीवर. उशी पाठीशी लावलेली, मी लावते तशीच. वहिनींना कालचंही विचारलं. त्या खाली आल्याच नव्हत्या.

१६ जानेवारी
बाईंचा लाल डाग नाहीसा झाला. एका रात्रीत असं होत नाही. माझी कंबर सकाळपासून जळतेय. आरशात पाहिलं. रुपयाएवढा. त्याच जागी.

१८ जानेवारी
उजव्या पायाला मुंग्या. जिना उतरताना पडले. दादांनी फतेगंजच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळे रिपोर्ट चांगले. अशक्तपणा म्हणाले.

परत आले तर वहिनी आनंदाने रडत होत्या. बाईंनी उजवा पाय उचलला.

१९ जानेवारी
मृदुलाचा नंबर फाइलीत सापडला. फोन तिच्या वडिलांनी घेतला. तिला काही गिळता येत नाही, नळीतून भरवतो, म्हणाले. दिवाळीपासून.

तिची पानं पाहिली. पाच दिवस ‘तोंडाने भरवलं’ अशी सही आहे. तेव्हा तर बाईंना नळी होती.

म्हणजे खोटं लिहिलेलं खरं होतं. बाईंच्या अंगात. आणि किंमत सही करणारीच्या अंगातून जाते, दर ओळीमागे थोडी थोडी. मला खूप भीती वाटतेय. माझ्या आठ ओळी आहेत.

२० जानेवारी
रेघ! चुकलं तर रेघ मारून सही. पहिल्या ओळीवर मारली. माझ्या उजव्या पायाची करंगळी हलली! पलंगावर बाईंची करंगळी लुळी पडली, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या ओळीवर पेन टेकवलं तर त्यांनी फाइल हिसकावली. उजव्या हाताने.

सात राहिल्या.

२२ जानेवारी
डाव्या हाताने लिहितेय. उजवा गेला. रात्री बाई फाइल अंगाखाली घेऊन झोपतात. वहिनींना सगळं सांगायला गेले, तोंडातून नुसता आवाज निघाला. कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. आजारात असं सुचतं म्हणाल्या.

बाई आज उभ्या राहिल्या. सोसायटीत पेढे वाटले.

२४ जानेवारी
मला बाईंच्या पलंगावर ठेवलंय. बाई बोलतात आता. या पोरीनं मला उठवलं, हिचं सगळं मीच करणार, असं दादांना म्हणाल्या. माझा भाऊ न्यायला येणार होता. प्रवास झेपणार नाही, हलवू नका, असं बाईंनीच त्याला फोनवर पटवलं.

दांडीवर नवी फाइल. माझं नाव.

२५ जानेवारी
एकच आशा— त्यांनी एकदा तरी खोटं लिहावं. एक ओळ. कंटाळा येईल, पाहुणे येतील, डोळा लागेल— मग त्यांच्यातून जाईल, माझ्यात येईल—

दहाला आल्या. वळवलं. लिहिलं. बाराला आल्या.

२६ जानेवारी
आज खाली पाहुणे आहेत. हसण्याचे आवाज. बाईंची फार स्तुती चाललीय. दोन वाजत आले. त्या उठणार नाहीत. मला दिसतंय, दोनची ओळ आधीच भरलेली आहे— भरली आहे का?— पेनाचं टोपण उघडं आहे—

दोन वाजले. नाही आल्या.

नाही आल्या. देवा—

दोन वाजून एक— नको, घड्याळ पुढे आहे, दादा म्हणाले होते, दोन मिनिटं पुढे—

जिन्यावर पावलं. ओळ कोरी आहे. बाई वेळेवर—