राहीबाईचा कान

३ नोव्हेंबर १९३१, पोलादपूर
आलो एकदाचा. महाडहून मोटारीने हाडं खिळखिळी झाली, पण गाव पाहून जीव सुखावला. दवाखाना नवा, शेजारीच घरमालक दत्तोपंत. त्यांची पाच वर्षांची आवडी आल्याआल्या मांडीवर चढली आणि नळीतून स्वतःची छाती ऐकून खिदळली. मुंबईत चार वर्षं मुलांचा क्षय पाहिला आहे; इथे नाव काढायला वेळ लागणार नाही.

१९ नोव्हेंबर
शेजारच्या कापडे गावची सुईण राहीबाई पोरांच्या पाठीला कान लावून क्षय ओळखते म्हणे, वर तो कुणाकडून आला तेही सांगते. तिथल्या लहानग्या मैनेच्या खोकल्याला मी सर्दी म्हटलं होतं. हिने सांगितलं, "खोकला पोरीचा नाय. चांगूचा हाय." चांगू मैनेचा चुलता, गिरणीतून आजारी होऊन परतलेला, पोर त्याच्याच गोधडीत निजते. मी क्षय ओळखायची सुई मैनेच्या हाताला टोचून पाहिली. दोन दिवसांत हात सुजला, म्हणजे क्षयच. म्हातारी खरी. नळी जुनी झाली, असं मी म्हणालो, तर दत्तोपंत हसले, नाचता येईना अंगण वाकडं. फार झोंबलं.

८ डिसेंबर
जळफळाट होतो, लपवू कशाला? आया आधी तिच्याकडे जातात. मीही नळी ठेवून दिली. निरोगी छातीचा आवाज आधी पाठ व्हावा म्हणून आवडीला रोज सकाळी मांडीवर घेऊन पाठीला कान लावतो. गल्लीतली आणखी चार पोरंही येतात. थंडीने मलाही खोकला धरला आहे.

२ फेब्रुवारी १९३२
आज ऐकू आलं. मैनेचं तोंड मिटलेलं, आणि आत बाप्या माणूस खोकत होता. भीती नंतर वाटली. आधी आनंद झाला, की हे आता मलाही येतं.

२६ फेब्रुवारी
आवडीला ताप. वाळली आहे. दत्तोपंतांनी मला न विचारता राहीबाईला आणलं. तिने कान लावला, म्हणाली की हा घरातल्या कुणाचा खोकला नाही. मी सगळ्यांदेखत हसलो. बरं वाटलं.

११ मार्च
गल्लीतल्या चारही पोरांना ताप. राहीबाईने मला सदरा काढायला सांगितलं, पाठ ऐकायची म्हणून. हाकलून दिली — मला तपासणार, ती?

१२ मार्च
आवडीच्या पाठीला कान लावला. दोन ठसके, मग घशात शीळ. माझीच. मी श्वास रोखला — आतला थांबेना.

दत्तोपंत बाहेरून विचारताहेत, खोकला कुणाचा म्हणून. सांगितलं तर म्हातारी जिंकली. नाही सांगितलं तर —

आवडी पुन्हा मांडीवर चढते आहे. उतर म्हणायला तोंड उघडलं, तर खो